ताकदवान इलेक्ट्रिक गाडी वेगात चालवताना : सुरुवात थांबण्याच्या हिशेबापासून

शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग अडीच सेकंदांच्या आत-बाहेर गाठणारी गाडी आता शर्यतीच्या संघांपुरती राहिलेली नाही. ती शोरूममधून नंबरप्लेट लावून बाहेर पडते. टेस्ला मॉडेल एस प्लेड किंवा ल्युसिड एअर सफायर या चार दारांच्या, मागच्या सीटवर मुले बसवून नेता येतील अशा गाड्या आहेत आणि दोन्हींची ताकद एक हजार अश्वशक्तीच्या पुढे आहे. वेग पकडताना अशी गाडी चालकाकडे कसलेही कौशल्य मागत नाही. गिअर बदलायचा नसतो, इंजिनाचा आवाज चढत नाही आणि मोटरचा टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, पहिल्या क्षणापासून हाताशी असतो. मात्र मिळवलेला वेग उतरवायची वेळ आली, की दोन टनांहून जास्त वजन आणि तळहाताएवढ्या चार ठिकाणी रस्त्याला टेकलेले रबर यांच्यापुढे मोटरची ताकद फारशी उपयोगाला येत नाही. म्हणून या लेखातली सगळी तयारी थांबण्यापासून उलट्या दिशेने मांडली आहे. गाडी किती अंतरात थांबेल हे एकदा ठरले, की ती किती वेगाने न्यायची हे आपोआप ठरते.

वेग कुठे करायचा

सार्वजनिक रस्त्यावर कायद्याने घातलेली वेगमर्यादा हीच कमाल मर्यादा, आणि त्यापुढचा वेग केवळ बंद ट्रॅकवर. यात चालकाच्या कौशल्याचा प्रश्न येत नाही. जर्मनीच्या ऑटोबानवर काही भागांत वेगमर्यादा नाही, पण तिथेही ताशी १३० किलोमीटरची शिफारस आहे आणि त्याहून जास्त वेगात अपघात झाला, तर चूक समोरच्याची असली तरी जबाबदारीचा काही वाटा वेगात असलेल्या चालकावर येऊ शकतो. आपल्या गाडीची खरी क्षमता पाहायची असेल, तर ट्रॅकवर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली चालवण्याचा दिवस घ्यावा. त्याआधी विम्याची कागदपत्रे नीट वाचावीत, कारण पुष्कळशा पॉलिसींत ट्रॅकवर झालेले नुकसान स्पष्ट शब्दांत वगळलेले असते. उत्पादक कंपन्याही ट्रॅकवरच्या वापराबाबत वॉरंटीच्या अटी घालतात.

थांबण्याचा हिशेब

कोरडा, चांगला रस्ता आणि उत्तम टायर असतील, तर गाडी जास्तीत जास्त गुरुत्वाकर्षणाएवढ्या दराने, म्हणजे एक जी इतक्या जोराने, मंदावते असे धरू. या हिशेबाने ताशी १०० किलोमीटरच्या वेगातून थांबायला साधारण ३९ मीटर, १३० मधून ६६ मीटर आणि २०० मधून १५७ मीटर लागतात. धोका ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो असे मानले, तर त्यात अनुक्रमे ४२, ५४ आणि ८३ मीटर मिळवावे लागतात. म्हणजे २०० च्या वेगात असलेल्या चालकाने एखादी गोष्ट पाहिल्यापासून गाडी थांबेपर्यंत २४० मीटर रस्ता संपलेला असतो. ओल्या रस्त्यावर पकड निम्मी झाली, तर ब्रेकचे अंतर दुप्पट होते.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. एक गाडी १०० च्या आणि दुसरी १३० च्या वेगाने शेजारी-शेजारी धावत असताना दोघींनी एकाच ठिकाणी पूर्ण ब्रेक लावला, तर पहिली जिथे थांबते तिथे दुसरीचा वेग अजून ताशी ८३ किलोमीटर असतो. दुसरी गाडी २०० च्या वेगात असेल, तर त्याच जागी तिचा वेग १७३ असतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे ब्रेक लावल्यावर सुरुवातीच्या मीटरांमध्ये वेग फारच थोडा उतरतो आणि शेवटच्या मीटरांमध्ये भराभर उतरतो. नेहमी कमी वेगात चालवणाऱ्याच्या पायाला हा अनुभव नसतो.

पुढच्या गाडीपासूनचे अंतर मीटरांत मोजण्याऐवजी सेकंदांत मोजावे. पुढची गाडी एखादा खांब ओलांडते तेव्हा मोजायला सुरुवात करावी आणि आपली गाडी त्या खांबापाशी पोचेपर्यंत मोजावे. दोन सेकंद ही साध्या वेगासाठी सांगितली जाणारी किमान मर्यादा आहे. १२० च्या पुढे तीन सेकंद आणि ओल्या रस्त्यावर चार-पाच सेकंद ठेवावेत. एवढे अंतर ठेवले की मध्येच कुणीतरी घुसते, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय एवढाच की पुन्हा थोडे मागे राहावे.

टायर : सगळ्यात जास्त लक्ष इथे

हजार अश्वशक्ती असो वा शंभर, रस्त्याशी गाडीचा संबंध टायरमधूनच येतो, आणि ताकदवान इलेक्ट्रिक गाडी टायरवर दोन बाजूंनी ताण आणते. तिचे वजन जास्त असते आणि टॉर्क झटक्यात मिळत असल्यामुळे रबर लवकर झिजते.

पहिली तपासणी टायरच्या बाजूवर छापलेल्या खुणांची करावी. आकाराच्या शेवटी येणारे अक्षर टायर किती वेगापर्यंत प्रमाणित आहे ते सांगते : व्ही असेल तर २४०, डब्ल्यू असेल तर २७० आणि वाय असेल तर ३०० किलोमीटर प्रतितास. त्याआधीचा आकडा एका टायरने पेलायच्या वजनाचा निर्देशांक असतो. जड इलेक्ट्रिक गाड्यांसाठी एक्सएल किंवा त्याहूनही अधिक भार पेलणारे एचएल खुणेचे टायर लागतात. स्वस्त पडतो म्हणून त्याच आकाराचा पण कमी निर्देशांकाचा टायर बसवणे ही वेगात फार महागात पडणारी काटकसर आहे. याच बाजूवर चार आकडी उत्पादन तारीखही असते : २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर वर्षागणिक कडक होत जाते, म्हणून जुना टायर वेगासाठी वापरू नये.

दुसरी तपासणी हवेची. दाब नेहमी टायर थंड असताना, म्हणजे गाडी काही तास उभी राहिल्यावर मोजावा. बाहेरचे तापमान दहा अंशांनी उतरले, तर या गाड्यांच्या टायरमधला दाब जवळपास दोन पीएसआयने कमी होतो. पुष्कळ उत्पादक पूर्ण भारासाठी आणि मोठ्या वेगासाठी वेगळा, जास्त दाब सांगतात. तो आकडा दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत असतो. कमी हवेचा टायर वेगात सतत दुमडत राहतो, त्या दुमडण्याने आतून तापतो, आणि अशा तापण्यातूनच टायर फुटतो. डॅशबोर्डवरचा इशारा बरीच हवा उतरल्यावर येतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर न राहता स्वतः मोजलेले बरे.

तिसरी गोष्ट नक्षीची. अनेक देशांत कायद्याला १.६ मिलिमीटर खोली पुरते, पण पाण्यात तीन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर मी वेगासाठी बाद समजतो. चारही टायरांची आतली कडा हात फिरवून पाहावी, कारण जड गाडीच्या चाकांचे कोन जरा जरी बिघडले, तरी बाहेरून दिसत नाही अशी झीज आत होते. पंक्चर काढलेल्या टायरवर पूर्ण वेग करू नये. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत जादा चाक नसते आणि पंक्चर बुजवण्याचे द्रव भरल्यावर सहसा ८० पेक्षा जास्त वेगाची परवानगी नसते, हेही प्रवासाचा बेत आखताना ध्यानात असावे.

ब्रेक आणि पाय उचलल्यावर मिळणारा रोध

ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच मोटर जनित्राचे काम करू लागते, गाडी मंदावते आणि बॅटरीत वीज परत जाते. शहरात या रिजनरेटिव्ह ब्रेकिंगची सवय इतकी अंगवळणी पडते की एकाच पेडलवर गाडी चालते. वेगात ही सवय दगा देते. मोटर आणि बॅटरी ठराविक शक्तीपर्यंतच वीज परत घेऊ शकतात. ही मर्यादा २०० किलोवॉट आणि गाडीचे वजन २,२०० किलो धरले, तर १०० च्या वेगात मोटरकडून फार तर एक तृतीयांश जी एवढा रोध मिळेल. २०० च्या वेगात तोच निम्म्यावर येईल. म्हणजे वेग जितका जास्त, तितका पाय उचलल्यावर मिळणारा रोध कमी. या वजनाच्या गाडीला २०० च्या वेगातून पूर्ण जोराने थांबवताना पहिल्या क्षणी १,२०० किलोवॉट शक्ती जिरवावी लागते. त्यातला मोठा वाटा डिस्क आणि पॅडवरच पडतो.

याशिवाय बॅटरी पूर्ण भरलेली किंवा फार थंड असेल, तर ती वीज परत घेत नाही आणि हा रोध जवळजवळ नाहीसा होतो. काही गाड्या अशा वेळी आपोआप डिस्क ब्रेक लावून उणीव भरून काढतात, काही काढत नाहीत. पोर्श टायकनसारख्या गाडीत तर पाय उचलल्यावर गाडी मुख्यतः घरंगळत राहते आणि वीज ब्रेक पेडल दाबल्यावर परत मिळवली जाते. आपली गाडी यातल्या कोणत्या प्रकारची आहे, हे मोकळ्या जागेत कमी वेगात आधी पाहून घ्यावे. ऐन वेळी ब्रेक पेडल शोधत बसणारा पाय हा एकाच पेडलवर चालवण्याच्या सवयीचा सर्वांत वाईट परिणाम आहे.

रोजच्या वापरात डिस्क ब्रेक क्वचितच लागत असल्याने डिस्कवर गंज चढतो आणि पॅड डिस्कवर दाबणारे कॅलिपर आखडतात. वेगाच्या प्रवासाआधी, मागे वाहन नसताना, ८० च्या वेगातून चार-पाच वेळा ठामपणे ब्रेक लावून डिस्क साफ करून घ्याव्यात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शोषलेल्या ऑइलसाठीची किमान अट १५५ अंशांवर येते. उकळलेल्या ऑइलमध्ये बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागते. पॅड कमी झिजतात म्हणून इलेक्ट्रिक गाडीत ब्रेक ऑइल बदलायचे राहून जाते. कंपनीने दिलेली मुदत पाळावी आणि ट्रॅकवर जाण्याआधी ते बदलूनच घ्यावे.

आणीबाणीत ब्रेक एका दमात, पूर्ण जोराने दाबावा आणि गाडी थांबेपर्यंत तसाच धरावा. एबीएस, म्हणजे चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, चालू झाल्याची थरथर पायाला जाणवली की पुष्कळ जण घाबरून दाब सैल करतात, आणि नेमके तिथेच अंतर वाढते. हा सराव ट्रॅकवर ६० च्या वेगापासून सुरू करून हळूहळू वाढवत न्यावा. एका दिवसात एवढे केले तरी पुष्कळ झाले.

बॅटरी आणि उष्णता

हवेचा रोध ओलांडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या पटीत वाढते : वेग दुप्पट केला की आठपट. चांगल्या सुबक आकाराच्या मोठ्या सेडानचा, टायरचा रोधही धरून, स्थूल हिशेब मांडला, तर १२० च्या स्थिर वेगाला सुमारे २० किलोवॉट लागतात आणि २४० च्या वेगाला सुमारे ११० किलोवॉट. म्हणजे ८० किलोवॉट-तासांची बॅटरी त्या वेगात पाऊण तासही पुरत नाही, आणि डॅशबोर्डवर दिसणारा पल्ल्याचा आकडा मात्र मागच्या संथ प्रवासावरून काढलेला असतो.

बॅटरी बरीच उतरली किंवा तापली, की गाडी स्वतःहून ताकद कमी करते. ही यंत्रणा बॅटरीच्या भल्यासाठी असली, तरी ओव्हरटेकच्या मध्यावर ताकद घटणे धोक्याचे असते. शक्तीदर्शकावर ही मर्यादा दिसते. तिकडे अधूनमधून नजर टाकावी आणि बॅटरी वीस टक्क्यांच्या खाली असताना वेगाचा विचार सोडून द्यावा. ट्रॅकवर एक फेरी जोरात, पुढची संथ, असा क्रम ठेवला की मोटर, बॅटरी आणि ब्रेक तिन्हींना निवायला वेळ मिळतो.

बसणे आणि वेग वाढवणे

पाठ सीटला पूर्ण टेकलेली असताना ब्रेक तळापर्यंत दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, आणि हात लांब केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी ठेवावेत. सुटे सामान, पाण्याच्या बाटल्या आणि लॅपटॉप डिकीत ठेवावेत; ब्रेक पेडलखाली घरंगळत आलेली बाटली हा क्षुल्लक वाटणारा पण खरोखरचा धोका आहे.

नवी गाडी हातात आल्यावर सुरुवात सर्वांत सौम्य ड्राइव्ह मोडपासून करावी, कारण त्यात पेडलची प्रतिक्रिया सावकाश असते. पेडल दाबताना घोट्याने नव्हे तर पायाच्या बोटांनी, मिलिमीटरच्या मापाने दाबायचे असते. स्टिअरिंग सरळ झाल्याशिवाय पूर्ण ताकद मागू नये. जोराने वेग घेण्याआधी सोबत्यांना सांगावे, कारण एक जीच्या जवळपासचा धक्का बेसावध मानेला बसतो.

ओव्हरटेकसाठी ताकद भरपूर असते, आणि अडचण नेमकी तिथून सुरू होते. समोरची गाडी ओलांडून होईपर्यंत आपला वेग ठरवल्यापेक्षा तीस-चाळीसने वाढलेला असतो आणि आवाज नसल्याने तो कळत नाही. बराच वेळ वेगात चालवल्यानंतर मेंदू त्या वेगाला सरावतो आणि महामार्गावरून बाहेर पडणाऱ्या फाट्यावर ८० चा वेग रांगल्यासारखा वाटतो. अशा वेळी अंदाजावर विसंबू नये, काट्याकडे पाहावे.

वळण

दोनशे मीटर त्रिज्येचे वळण १०० च्या वेगात घेताना टायरकडे ०.४ जी एवढी पकड मागितली जाते, १५० च्या वेगात ०.९ जी, आणि २०० च्या वेगात १.६ जी, जी रस्त्यावरचा कोणताही साधारण टायर देऊ शकत नाही. स्थिरता नियंत्रण कितीही चपळ असले, तरी ते आहे ती पकड चार चाकांत वाटते. नवी निर्माण करत नाही. त्यातून बॅटरी तळाशी असल्यामुळे गाडी फारशी झुकत नाही आणि पूर्वी झुकण्यातून जो इशारा मिळायचा तोही पुरेसा मिळत नाही. म्हणूनच सुरक्षित वाटणारा वेग आणि सुरक्षित असलेला वेग यांतले अंतर इलेक्ट्रिक गाडीत जास्त असते.

वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर उतरवावा. वळणात हलका, स्थिर पाय ठेवावा आणि बाहेर पडताना स्टिअरिंग जसजसे सुटेल तसतसा पाय दाबावा. वळणाच्या मध्यावर घाबरून पाय झटकन उचलू नये. वजन पुढे सरकते, मागची चाके हलकी होतात, आणि मागच्या मोटरचा रिजनरेटिव्ह रोध नेमका त्याच चाकांवर येतो; ओल्या रस्त्यावर मागचा भाग सुटायला एवढे पुरेसे असते. पावसात रिजनरेशन कमी पातळीवर ठेवण्याची सोय असेल, तर ती जरूर वापरावी.

पाऊस, रात्र आणि वारा

साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याच्या वेगासाठी नासाने विमानांच्या टायरांवर अभ्यास करून एक सूत्र दिले होते. त्यानुसार ३६ पीएसआय दाबाला हा वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास येतो. मोटारीच्या टायरसाठी नक्षी आणि रुंदीनुसार तो बदलतो, आणि ताकदवान गाड्यांचे रुंद टायर या बाबतीत उलट वाईटच असतात. जड गाडी पाण्यात रुतून धावते, हा समज चुकीचा आहे. स्टिअरिंग अचानक हलके लागले तर ब्रेक न मारता, स्टिअरिंग सरळ ठेवून पाय सावकाश उचलावा.

रात्री डिपरचा प्रकाश साधारण ५० ते ७५ मीटरच पडतो. वर मांडलेला हिशेब आठवला, तर १०० च्या वेगात लागणारे ८१ मीटर या प्रकाशात बसत नाहीत. आडवा वारा असेल तेव्हा लांब ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताना झटका बसतो, म्हणून तिथे दोन्ही हात स्टिअरिंगवर असावेत. छतावर सामानाची पेटी असेल, तर तिच्यासाठी सांगितलेली वेगमर्यादा गाडीच्या मर्यादेहून बरीच कमी असते.

लेन सांभाळणारी आणि अंतर राखणारी क्रूझ कंट्रोल यंत्रणा ठराविक वेगापर्यंतच चालते, आणि उभ्या असलेल्या वाहनाला वेगात वेळेवर ओळखेलच असे नाही. तिच्या भरवशावर नजर हटवू नये.

धडक किंवा तळाला मार बसल्यास

वेगात रस्त्यावरची एखादी लोखंडी वस्तू गाडीच्या तळाला लागली, तर बॅटरीचे कवच दुखावलेले असू शकते. गाडी चालत असली तरी सुरक्षित जागी थांबावे, आणि इशारा दिसत असेल, धूर येत असेल, गोड-उग्र वास किंवा फटफट आवाज येत असेल, तर लगेच सर्वांना उतरवून दूर न्यावे. अनेक गाड्यांची दारे विजेच्या बटणाने उघडतात आणि वीज गेल्यास उपयोगी पडणारी यांत्रिक खिटी वेगळ्या, काही वेळा मागच्या दारात लपलेल्या जागी असते. ती प्रत्येक प्रवाशाला आधीच दाखवून ठेवावी. नारिंगी रंगाच्या तारा उच्च दाबाच्या असतात, त्यांना हात लावू नये. अग्निशमन दलाला फोन करताना गाडी इलेक्ट्रिक आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे. विझलेली लिथियम बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटू शकते, त्यामुळे अपघातग्रस्त गाडी तपासून होईपर्यंत इमारती आणि इतर वाहनांपासून साधारण १५ मीटर लांब, उघड्यावर उभी करायला लावावी.